आतली व्यक्ती बोलत नाही

पान १. संमती

"या अभ्यासात भाग घेणं ऐच्छिक आहे. तुम्ही कोणत्याही क्षणी थांबू शकता."

हे वाक्य मी इतक्या प्रश्नावल्यांत टाकलं आहे की ते आता डोक्यातून येत नाही, बोटांतून येतं. मी मानसशास्त्र विभागात ऑनलाइन प्रश्नावल्या बांधते. प्रयोग बाईंचा असतो, शोधनिबंधावर नाव बाईंचं असतं, मी मधली गवंडी. बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. माझी खोली जिन्याखाली आहे. खोलीत एक टेबल, दोन स्क्रीन, एक खुर्ची जिचं एक चाक मुद्दाम मलाच त्रास द्यायला फिरत नाही, आणि एक खिडकी जी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते.

या वेळचा प्रयोग रागावर होता. घटक तीन. चूक कुणी केली: घरच्यानं की परक्यानं. कशी केली: मुद्दाम की चुकून. नंतर माफी मागितली की नाही. दोन दुणे चार, चार दुणे आठ. एकाच गोष्टीची आठ रूपं लिहायची आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांतलं एकच दाखवायचं. मग विचारायचं, राग किती आला? उत्तरासाठी एक आडवी पट्टी असते, तिच्यावर एक गोल. डावं टोक 'अजिबात नाही'. उजवं टोक 'टोकाचा'. गोल हवा तिथे सरकवायचा.

आठही रूपांत बाकीचं सगळं शब्दाला शब्द सारखं लागतं. एकात ऊन आणि दुसऱ्यात पाऊस असं चालत नाही. नाहीतर राग माणसाचा आला की पावसाचा, हे कुणी सांगावं?

मी आधी शेजाऱ्यानं फोडलेल्या कुंडीची गोष्ट दिली. मग सहकाऱ्यानं पुसून टाकलेल्या फाइलची.

"मला जांभई आली," बाई म्हणाल्या. कागद त्यांनी दोन बोटांनी धरला होता, ओला असल्यासारखा. "राग हवाय मला, राग. तुला कधी आला नाही का आयुष्यात?"

मी कागद घेतला, जिना उतरले आणि एका बैठकीत लिहून काढलं.

पान २. कृपया खालील मजकूर काळजीपूर्वक वाचा

"तुमच्या घरात एक वयस्कर व्यक्ती राहते. तिला आता फारसं आठवत नाही. एके दिवशी तुम्ही कामासाठी बाहेरगावी जाता. तिच्यासोबत तुमचा भाऊ थांबतो. दुपारी बाहेर पडताना तो मुद्दाम तिच्या खोलीला बाहेरून कडी लावतो. संध्याकाळी तो परत येतो, तेव्हा ती व्यक्ती दारापाशी जमिनीवर मृतावस्थेत आढळते. तुमचा भाऊ माफी मागत नाही."

हे एक रूप. 'भाऊ'च्या जागी 'पगारी मदतनीस' घाला, 'मुद्दाम'च्या जागी 'चुकून', शेवटी 'माफी मागतो'. उरलेली सात तयार.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "छान," त्या म्हणाल्या. "अगदी खरं वाटतं."

मी कागदासाठी हात पुढे केला.

"फक्त एक बघ. आतली व्यक्ती बोलता कामा नये. हाक नाही, ओरडणं नाही, काही नाही. ती बोलली की चौथा घटक झाला आणि माझं सगळं गणित झोपलं."

"ती बोलत नाही, बाई. ती मेलेली आहे."

"त्याआधीसुद्धा," बाई म्हणाल्या.

पान ३. तुमच्याविषयी थोडी माहिती

नातेवाईक: एक भाऊ. दादा.

आई आमची फार फिरायची. म्हणजे शेवटी शेवटी. घराबाहेर पडायची आणि मग आपण कुठे निघालो होतो ते विसरायची. एकदा बसस्थानकावर सापडली, एकदा कुणाच्या तरी जिन्यात, चपला हातात घेऊन बसलेली. मला प्रशिक्षणासाठी बाहेरगावी जावं लागलं तेव्हा दादा येऊन राहिला. पुढचं तुम्ही पान दोनवर वाचलं आहे. फक्त त्यातला एक शब्द मला माहीत नव्हता. मुद्दाम, की चुकून?

दादानं डॉक्टरांना सांगितलं, "कडी लागलेली होती." शेजाऱ्यांना तेच सांगितलं. मला तेच. मी विचारलं, कुणी लावली? तो जमिनीकडे बघत राहिला. मी ओरडले, शिव्या दिल्या, वहिनीच्या देखत त्याची कॉलर धरली. तो माझ्याहून वीतभर उंच आहे. धरू दिली. उत्तर दिलं नाही.

कडी मी नंतर पेचकस घेऊन स्वतः काढली. आईच्या दारावर चार भोकं राहिली. ती मी बुजवली नाहीत, रोज दिसावीत म्हणून. आईच्याच घरात राहते मी. दादाला तेव्हापासून उंबरठ्याच्या आत घेतलेलं नाही. चुकून झालं असेल, तर कधीतरी घेईन. मुद्दाम असेल, तर मला भाऊ नाही. एवढंच कळायला हवं होतं. एक शब्द. तेवढाही तो देत नव्हता.

*वरील परिस्थितीत तुम्हाला किती राग येईल?*

*अजिबात नाही ○ ○ ○ ○ ○ ○ ● टोकाचा*

पान ४. वाटप

माणसं गटांत वाटायचा नियम मी बसवला होता, आणि तो साधा होता. ज्या गटात पूर्ण झालेली उत्तरं सगळ्यांत कमी, नवा माणूस तिकडे. म्हणजे आठही गट बरोबरीनं भरतात. प्रश्नावलीचा दुवा बाहेर गेला, लोक यायला लागले, आणि सात गटांत एकेक उत्तर लगेच पूर्ण झालं.

आठव्यात शून्य.

आमच्याकडे सांख्यिकी सांभाळणाऱ्याला सगळे आकडेवाला म्हणतात. तोही फोन उचलून "आकडेवाला बोलतोय" म्हणतो. तो सकाळी माझ्या दारात डबा घेऊन उभा राहिला.

"आठव्या गटात विहीर खणलीस का?"

"का?"

"आत जातायत सगळे. बाहेर कोणी येत नाही."

आठवा गट म्हणजे पान दोनवरचं रूप. भाऊ. मुद्दाम. माफी नाही.

"वाचवत नसेल, सोडून जात असतील," मी म्हटलं.

"सोडून गेले तर 'सोडलं' असं येतं. हे बघ. 'चालू'. 'चालू'. 'चालू'. हा परवाचा माणूस आहे, अजून त्याच पानावर बसलाय. आणि पूर्ण कोणी करत नाही, म्हणून तुझा नियम बिचारा येईल त्याला तिकडेच पाठवतोय." त्यानं डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावलं. "काल दुपारपासून बाकीच्या सात गटांत एक माणूस नाही गेला. सगळे त्या एका खोलीत."

"खोलीत?"

"गटात गं. गटात म्हणालो मी."

तो गेल्यावर मी नोंदी उघडल्या. पट्टीवरचा गोल सरकला की त्याची नोंद होते, उत्तर पाठवलं नसलं तरी. आठव्या गटातल्या प्रत्येकाचा गोल हलत होता. उजव्या टोकाला जाऊन आपटायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. मग थांबायचा. मग पुन्हा. आधी वाटलं, कुणाच्या तरी माऊसचा बिघाड. पण ते सगळे एकाच वेळी हलत होते. वेगवेगळी माणसं, वेगवेगळी गावं, गोल मात्र एकाच हातानं ढकलल्यासारखे.

मी नकळत टेबलावर बोटानं तो ताल धरला. टक टक टक. थांबा. टक टक. थांबा.

मग बोट उचललं.

दार वाजवताना माणूस असाच मधे थांबतो. कुणी येतंय का ते ऐकायला.

आणि मला, खोटं कशाला बोलू, भीती वाटली नाही. मला वाटलं, बरोबर. हेच रूप खरं. आठातलं हेच. मुद्दाम. तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथेच राहिली, ऊब देत.

पान ५. लक्ष तपासणी

"तुम्ही लक्षपूर्वक वाचत आहात हे कळावं, म्हणून या प्रश्नाला कृपया 'पूर्णपणे असहमत' हेच उत्तर द्या."

*माझ्या आईला काय हवं होतं ते मला माहीत आहे.*

(हा प्रश्न मी लिहिलेला नव्हता. माझा वेगळा होता, आकाशाच्या रंगाचा. मी तो दुरुस्त केला. दुपारी तो पुन्हा असा झाला होता. मी पुन्हा दुरुस्त केला. तिसऱ्यांदा हात लावला नाही.)

पान ५, पुढे चालू

शुक्रवारी बाईंचा फोन आला.

"ती ओळ कुणाला विचारून घातलीस?"

"कोणती ओळ?"

"सोंग नको. मी घरून दुवा उघडला, स्वतः भरली प्रश्नावली. आठव्या रूपात शेवटी. मी सांगितलं होतं ना, आतली व्यक्ती बोलणार नाही?"

"बाई, मी एकही ओळ वाढवलेली नाही."

"मग काय मी वाढवली? काढ ती."

"कोणती ते सांगा. काढते."

बाईंना शब्द शोधावे लागताना मी कधी पाहिलेलं नाही. त्या दिवशी फोनवर बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"तूच लिहिलीस," त्या म्हणाल्या, "तुला कशाला सांगायला हवी?" आणि मग, वेगळ्याच, मऊ आवाजात, "आणि भावावर इतका राग धरू नकोस."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. मला भाऊ आहे हे मी बाईंना कधी सांगितलेलंच नाही.

मी दुवा उघडला. एकदा, दोनदा, कितीदा तरी. दर वेळी नियमाप्रमाणे आठव्या गटात गेले, दर वेळी तोच मजकूर. 'तुमचा भाऊ माफी मागत नाही.' पूर्णविराम. त्याखाली पांढरं.

जिना चढून आकडेवाल्याच्या टेबलापाशी गेले. "उघड."

"काय?"

"प्रश्नावली. बाई म्हणतात, मी एक ओळ वाढवलीय. तू म्हणून उघड."

"मी तर भरली की पहिल्याच दिवशी. आभाराचं पान पण आलं."

"नोंदीत तू 'चालू' आहेस."

तो हसला. "म्हणजे मी अजून आत आहे?"

मी हसले नाही. त्यानं मुकाट्यानं दुवा उघडला, मजकूर आला, आणि त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"हे बघ. ही ओळ म्हणत असतील बाई." त्यानं शेवटच्या पूर्णविरामाच्या खाली, कोऱ्या पांढऱ्यावर बोट ठेवलं.

"कुठे?"

"ही काय." बोट डावीकडून उजवीकडे सरकत गेलं, सावकाश, वाचणाऱ्याचं सरकतं तसं. एका जागी थोडं अडकलं, पुढे गेलं. ओठही हलले. बोटाखाली काही नव्हतं.

"मोठ्यानं वाच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. मग पुन्हा माझ्याकडे, आणि या वेळी चेहऱ्यावरची चेष्टा उतरत गेली.

"तुला दिसत नाहीये?"

"वाच म्हटलं ना."

तोंड उघडून त्यानं मिटलं. "नको म्हणतीय ती," तो म्हणाला.

"काय नको?"

"सांगू." त्यानं स्क्रीन मिटली, डबा पिशवीत घातला, वायर गुंडाळायला लागला. "मला वर बैठक आहे."

"बैठक सोमवारी असते."

"असू दे." दारापाशी तो थांबला. "एवढंच सांगतो. मी गोल डावीकडे ठेवला. पूर्ण डावीकडे. ते वाचल्यावर भावावर राग येत नाही गं."

मी तिथेच उभी राहिले. इतका संताप मला आईच्या वेळी आला नव्हता. तेव्हा निदान एकटा दादा गप्प होता. आता अख्खा गट गप्प होता. ज्यांनी माझ्या आईला पाहिलं नाही, जे पाच मिनिटं फुकट गेली म्हणून कुरकुरत असतील, त्यांना ते कळलं होतं. वाचून त्यांनी माझ्या भावाला माफ केलं होतं. माझ्या वतीनं. मला न विचारता. प्रश्नावली माझी, गोष्ट माझी, आई माझी, आणि दाराबाहेर उभी मी.

*वरील परिस्थितीत तुम्हाला किती*

*○ ○ ○ ○ ○ ○ ○ ●*

(पट्टीवर सातच जागा आहेत.)

पान ६. हे पान तुम्हाला दाखवलं जाणार नाही

रविवारी मी दादाला फोन केला. इतक्या दिवसांनी.

"ये."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? घरी ये."

तो दुपारी आला. बारीक झाला होता. उंबरठ्याबाहेर चपला काढून उभा राहिला, मी म्हणेपर्यंत आत आला नाही. मी म्हटलं नाही, नुसती बाजूला झाले. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. खालून मुलं खेळत असल्याचा आवाज येत होता. टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता.

"पाणी?"

"नको."

"वहिनी बरी आहे?"

"आहे." त्यानं पॅसेजकडे पाहिलं. आईच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. नजर चार भोकांवर गेली आणि तिथून हलली नाही. "कडी काढलीस."

"मग काय ठेवायची होती? आठवण म्हणून?"

त्यानं मान खाली घातली. तीच मान, तीच जमीन. मला वाटलं, टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलून त्याच्या अंगावर टाकावा.

"दादा, एक विचारते. आणि या वेळी जमिनीकडे बघायचं नाही."

त्यानं वर पाहिलं.

"आई तुला काय म्हणाली? त्या दुपारी. दाराच्या आतून."

त्याचा रंग उतरला. गालांवरून, मग ओठांवरून. कुणी आपलं नाव घेतल्यावर वळून बघावं, तसं त्यानं वळून पॅसेजकडे पाहिलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"म्हणजे बोलली ती."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तेच तर. सगळ्या जगाला माहीत आहे, मला सोडून. तू सांग. चांगलं असो, वाईट असो. मला ऐकायचंय. मी तिची मुलगी आहे, दादा."

त्याचे डोळे भरले. त्यानं तोंड उघडलं, आणि मला आकडेवाल्याचं तोंड आठवलं.

"सांगतो," तो म्हणाला. "सांगतो. आता सांगायलाच हवं. मी जरा... एक मिनिट आत जाऊन येतो."

"कशाला?"

तो पॅसेजमधून गेला. आईच्या खोलीत शिरला.

दार त्याच्यामागे हळूच मिटलं. त्यानं ढकललं की आपोआप, ते मला दिसलं नाही.

मग आवाज आला. खट्.

तो आवाज या घरात वाढलेला कुणीही ओळखेल.

मी उठले. पॅसेजमध्ये गेले. दारावर चार भोकं होती, रिकामी, आणि त्यांच्याभोवती रंग नसलेला कडीचा जुना आकार. मी दार ढकललं.

हललं नाही.

खांदा लावला. दार चौकटीत जरासं हललं आणि कशाला तरी अडलं. माझ्याच बाजूनं. माझ्या हाताच्या उंचीवर. तिथे मी तळवा ठेवला. लाकूड होतं, भोकं होती, दुसरं काही नव्हतं. आणि तळव्याला गार लोखंड लागत होतं.

"दादा."

मी पुन्हा खांदा लावला.

"दादा, दार उघड."

टेबलावर फोन थरथरला. इथून पडद्यावरची अक्षरं दिसत होती. आकडेवाला. *आठव्या गटात एक पूर्ण झाला. अखेर.*

मी दारावर हात मारला. पुन्हा मारला. मग थांबले, ऐकायला.

आत दादा बोलत होता. माझ्याशी नाही. लहानपणी जेवताना बोलायचा तसा, मान खाली घालून, ऐकून घेत.

"ती विचारतीय गं," तो म्हणाला.

मग बराच वेळ शांत. खाली मुलांचा खेळ चालू होता.

मग दादा म्हणाला, "बरं. नाही सांगत."